'स्केल अप' : एका इंग्रजी क्रियापदाचा अभ्यास

गेल्या वर्षी सायंकाळच्या अभ्यासिकेत इयत्ता नववीची एक विद्यार्थिनी इंग्रजी वृत्तपत्राचे कात्रण घेऊन माझ्याकडे आली. शासनाच्या एका योजनेविषयीचे ते वृत्त होते. त्यातील 'स्केल अप' हे शब्द तिने पेन्सिलीने अधोरेखित केले होते. "सर, स्केल म्हणजे पट्टी आणि अप म्हणजे वर. मग योजनेची पट्टी वर कशी करतात?" मुले हसली. "योजना वाढवणे, असा त्याचा अर्थ," एवढे सांगून मी तिची बोळवण केली.

मी मूळचा इतिहासाचा शिक्षक. तथापि निवासी विद्यालयात सायंकाळी मुलांसोबत बसलेला शिक्षक कोणत्याही एका विषयाचा राहत नाही. जो प्रश्न पुढे येईल तो त्याचा विषय. त्या रात्री शब्दकोश उघडून बसलो, तेव्हा माझे उत्तर अपुरे होते आणि तिचा प्रश्न मात्र नेमका होता, हे ध्यानात आले. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई करावी, असा या लेखाचा हेतू आहे. विद्यार्थ्यांना यातून एक क्रियापद शिकता येईल. माजी विद्यार्थी आणि पालक यांना त्या क्रियापदाच्या आधारे आपल्या विद्यालयाच्या पुढील वाटचालीविषयी विचार करता येईल, अशी आशा आहे.

एक शब्द, अनेक घरे

'स्केल' हा शब्द आपल्याकडे नवखा नाही. कंपासपेटीतील पट्टीला मुले स्केल म्हणतात. शिक्षकांच्या बोलण्यात 'पे स्केल' म्हणजे वेतनश्रेणी येते. लातूर जिल्ह्यातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने हा शब्द ३० सप्टेंबर १९९३ नंतर ऐकला आहे. त्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि 'रिश्टर स्केल' हा शब्द निरक्षर माणसाच्याही तोंडी बसला. त्या मापनात एका पूर्ण अंकाची वाढ म्हणजे कंपनाच्या आवाक्यात दसपट आणि मुक्त होणाऱ्या ऊर्जेत सुमारे बत्तीसपट वाढ असते. पाच आणि सहा यांत अंतर एकाचेच दिसते. जमिनीखाली ते फार मोठे असते.

भूगोलाच्या तासाला हाच शब्द नकाशाचे 'प्रमाण' म्हणून भेटतो, आणि तेथे विद्यार्थी हमखास गोंधळतात. भारताचा भिंतीवरचा नकाशा आकाराने मोठा असतो, म्हणून ते त्याला 'लार्ज स्केल' समजतात. प्रत्यक्षात तो लघुप्रमाण नकाशा होय. त्यावर शिरूर अनंतपाळ शोधू जाता एखादा ठिपका सापडला तरी पुष्कळ. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घेतला, तर त्यात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. त्यावर ओढे, विहिरी, पायवाटा दिसू लागतात. हा बृहद्‌प्रमाण नकाशा. तो थोडा प्रदेश दाखवतो, परंतु बारकाव्याने दाखवतो. मोठे प्रमाण म्हणजे मोठा पसारा, हे समीकरण येथे मोडते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

मुळाशी असलेली शिडी

इंग्रजीत 'स्केल' या एकाच रूपात निरनिराळे शब्द दडले आहेत. माशाच्या खवल्यालाही स्केल म्हणतात आणि तराजूलाही; परंतु त्यांची मुळे वेगळी आहेत. आपल्या क्रियापदातील स्केल हा लॅटिनमधील 'स्काला' या शब्दापासून आला. स्काला म्हणजे शिडी, जिना. शिडीला ठरावीक अंतरावर पायऱ्या असतात, तशाच पट्टीवर ठरावीक अंतरावर खुणा असतात. म्हणून पट्टी हीसुद्धा स्केलच. माझ्या विद्यार्थिनीचा तर्क मुळात चुकीचा नव्हताच.

नुसते 'स्केल' हे क्रियापद वापरले तर त्याचा एक अर्थ चढून जाणे असा होतो. १६७० साली तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे सिंहगडाचा कडा चढून गेले, हे इंग्रजीत सांगताना 'स्केल्ड' हेच रूप शोभते. सरकत्या जिन्याला 'एस्कलेटर' हे नाव मिळाले तेही याच मुळावरून, आणि त्या नावावरून पुढे 'एस्कलेट' हे क्रियापद तयार झाले.

शिडीचा हा अर्थ आंबेडकरी वाचकाला विशेष जवळचा वाटावा. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजली मनोऱ्याची उपमा दिली आहे. त्या मनोऱ्याला एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी जिनाच नाही. ज्याचा जन्म ज्या मजल्यावर, त्याचा मृत्यूही त्याच मजल्यावर, असा त्या उपमेचा आशय आहे. जेथे शिडीच नाही तेथे 'स्केल अप' ही क्रियाही संभवत नाही. म्हणून हे क्रियापद शिकताना पहिला प्रश्न विचारावा : पायऱ्या आहेत काय?

वाक्यात योजना

'स्केल अप' हे दोन शब्दांचे मिळून एक क्रियापद आहे. भूतकाळी 'स्केल्ड अप', चालू क्रियेसाठी 'स्केलिंग अप' अशी त्याची रूपे होतात. कर्म दोन्ही ठिकाणी येऊ शकते : 'वुई स्केल्ड अप द प्रोजेक्ट' आणि 'वुई स्केल्ड द प्रोजेक्ट अप' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. मात्र कर्माच्या जागी सर्वनाम असेल तर ते मध्येच आले पाहिजे. 'वुई स्केल्ड इट अप' हे शुद्ध. 'वुई स्केल्ड अप इट' हे अशुद्ध. विरुद्धार्थी क्रियापद 'स्केल डाउन'.

'अपस्केल' या जोडशब्दाबाबत सावध असावे. तो क्रियापद म्हणून वापरात आहे. तथापि विशेषण म्हणून त्याचा रूढ अर्थ महागडे, उच्चभ्रू असा आहे. 'अपस्केल स्कूल' म्हटले तर ऐकणाऱ्याला वाढलेली शाळा दिसणार नाही, श्रीमंतांची शाळा दिसेल.

'वाढवणे' एवढ्याने भागत नाही

आता माझ्या अपुऱ्या उत्तराकडे वळू. मराठीतील 'वाढवणे' हे क्रियापद फसवे आहे. सायंकाळी दुकानदार दुकान 'वाढवतो' तेव्हा तो ते बंद करत असतो. बांगडी 'वाढली' म्हणजे फुटली. नारळ 'वाढवला' म्हणजे फोडला. अशुभ शब्द उच्चारू नये, म्हणून रूढ झालेले हे प्रयोग आहेत. एखादी योजना 'वाढवली' असे आपण सांगतो, तेव्हा ती मोठी झाली की बांगडीसारखी वाढली, हे खरोखरच तपासावे लागते!

इंग्रजीत वाढीची निरनिराळी क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाचा प्रांत वेगळा आहे. छायाचित्र मोठे करणे हे 'एन्लार्ज'. भिंगातून मुंगी मोठी दिसते ते 'मॅग्निफाय'. तेथे मुंगी आहे तेवढीच राहते. ध्वनिक्षेपकाने आवाज मोठा होतो ते 'ॲम्प्लिफाय'. असलेल्या साठ्यात भर घालणे हे 'ऑगमेंट'. बांधावरचे भांडण कोर्टापर्यंत जाते ते 'एस्कलेट'. फुग्यात हवा भरणे हे 'इन्फ्लेट', आणि सांगताना मीठमसाला लावणे हे 'एक्झॅजरेट'.

या सर्वांहून 'स्केल अप' वेगळे आहे. लहान प्रमाणावर करून पाहिलेले आणि सिद्ध झालेले काम, त्याच्या अंगांचा परस्परमेळ टिकवून, मोठ्या प्रमाणावर नेणे, असा त्याचा पूर्ण अर्थ आहे. मराठीत एका शब्दात सांगायचे तर मी 'प्रमाणवृद्धी' हा शब्द सुचवीन. 'प्रमाण' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ माप, परस्पर गुणोत्तर. दुसरा अर्थ पुरावा, ज्ञानाचे साधन. दिङ्नागांचा 'प्रमाणसमुच्चय' आणि धर्मकीर्तींचा 'प्रमाणवार्तिक' हे बौद्ध तर्कशास्त्राचे ग्रंथ याच दुसऱ्या अर्थाने प्रमाणाचा विचार करतात. प्रमाणवृद्धीला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. आधी पुरावा हवा, मग वाढ; आणि वाढवताना गुणोत्तर राखले गेले पाहिजे.

स्वयंपाकघर, रेल्वे आणि गडचिरोली

पहिले उदाहरण आपल्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील. पाच माणसांची आमटी दोनशे मुलांसाठी करायची तर डाळ चाळीसपट घ्यावी लागते. पण मीठ आणि तिखटही डोळे मिटून चाळीसपट घातले तर आमटी तोंडात धरवत नाही. पाणी आटण्याचा हिशेब बदलतो, आधणाला लागणारा वेळ बदलतो, ढवळायला पळीऐवजी उलथन्याएवढा झारा लागतो. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हे कोणी शिकवले नाही. त्या थोडे घालून, चाखून, मग वाढवतात. चाखणे हा पुरावा आणि हात आखडता घेणे हे गुणोत्तर.

दुसरे उदाहरण लातूरचे. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळाने शहराचे पाणी संपले, तेव्हा मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर अंतरावरून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली 'जलदूत' गाडी १० वाघिणींची होती आणि तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. त्याच महिन्यात गाडी ५० वाघिणींची झाली. पाणी २५ लाख लिटर झाले. ऐकताना ही पाचाची पटी वाटते. परंतु मिरजेला वाघिणी भरण्याची गती वाढली नसती, लातूरला पाणी उतरवून घेण्याची, ते शुद्धीकरणासाठी नेण्याची आणि टँकरने गल्लोगल्ली पोहोचवण्याची सोय झाली नसती, तर उरलेल्या ४० वाघिणी रुळावरच उभ्या राहिल्या असत्या. दहा वाघिणींच्या फेऱ्यांनी मार्ग सिद्ध केला, आणि मगच पन्नास वाघिणी धावल्या. इंग्रजीत लिहायचे तर : 'दे स्केल्ड अप द सप्लाय आफ्टर द फर्स्ट ट्रिप्स हॅड सक्सीडेड.'

तिसरे उदाहरण महाराष्ट्राबाहेरही अभ्यासले गेलेले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था स्थापन केली. नवजात बालके मोठ्या संख्येने दगावत होती आणि रुग्णालय दूर होते. त्यांनी गावातीलच महिलांना प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, स्तनपानाचा सल्ला देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि त्यावर उपचार करणे, ही कामे त्या महिला घरी जाऊन करू लागल्या. हे काम ३९ गावांत झाले आणि त्याची तुलना ४७ इतर गावांशी करण्यात आली. नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हा झाला पुरावा.

पुढे २०११ साली भारत सरकारने घरोघरी नवजात बालसेवा हा कार्यक्रम देशभर स्वीकारला आणि तो आशा कार्यकर्तींकडे सोपवला. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, आणि रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी सहा भेटी, हे त्याचे गुणोत्तर. आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणाची आई आशा असेल, तर तिच्या पिशवीतील वजनकाटा हा गडचिरोलीतून आपल्या गावापर्यंत आलेल्या एका दीर्घ शिडीची पायरी आहे, हे त्याने जाणून असावे. कार्यक्रम देशभर झाला, तरी एका बाळासमोर एकच आशा बसते. येथे नकाशाची ती गोष्ट आठवावी : मोठे प्रमाण म्हणजे बारकावा. देश व्यापला, पण बाळ नजरेआड झाले नाही.

बाबासाहेबांचा १९१८ सालचा निबंध

शेतकरी पालकांना आता मी एका शतकापूर्वीच्या निबंधाकडे नेऊ इच्छितो. १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनी आणि त्यांवरील उपाय या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला. तो इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या काळी विद्वानांचा आणि शासनाचा सूर असा होता की, शेतीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेतकरी दरिद्री आहे. ते एकत्र करावे आणि मोठे करावे. बाबासाहेबांनी प्रथम या दोन क्रियाच वेगळ्या केल्या. विखुरलेले तुकडे एकत्र आणणे ही एक गोष्ट आणि एकत्र आलेले क्षेत्र मोठे करणे ही दुसरी. एकीने दुसरी आपोआप साधत नाही.

त्यानंतर त्यांनी मूळ समजुतीलाच हात घातला. एखादे शेत लहान आहे की मोठे, हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. त्या शेतावर किती अवजारे, किती बैल, किती भांडवल आणि किती श्रम लावता येतात, त्यांच्याशी असलेल्या गुणोत्तरावरून ते ठरते. ज्याच्याजवळ बैलजोडी नाही, त्याच्या शेताचे क्षेत्र दुप्पट केले तर त्याचे उत्पन्न दुप्पट होईलच असे नाही. पडीक रान मात्र वाढेल. शेतीवर विसंबून असलेले अतिरिक्त मनुष्यबळ उद्योगांकडे वळवणे, हा उपाय त्यांनी सुचवला. इंग्रजी क्रियापदांच्या भाषेत सांगायचे, तर 'एन्लार्ज' आणि 'स्केल अप' यांतील भेद त्यांनी अर्थशास्त्राच्या पायावर मांडला होता.

शिक्षणसंस्था उभारतानाही हीच रीत दिसते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ साली तिने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. आधी मुलाच्या निवाऱ्याची आणि जेवणाची सोय झाली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू झाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. वसतिगृहापासून मराठवाड्यातील महाविद्यालयापर्यंत २५ वर्षे लागली. ज्या मनोऱ्याला जिना नव्हता, त्याला एकेक पायरी बसवली जात होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरातील पहिला पदवीधर नागसेनवनाच्या त्या पायरीवरून वर आला आहे.

माझी एक चूक

उपदेश करण्यापूर्वी स्वतःची चूक सांगणे उचित होय. काही वर्षांपूर्वी मी रात्रीच्या भोजनानंतर १२ विद्यार्थ्यांचा इंग्रजी वाचनवर्ग घेत असे. प्रत्येकाने रोज पाच ओळी मोठ्याने वाचायच्या, एवढाच नियम. वर्षअखेरीस ती १२ मुले अडखळत का होईना, वृत्तपत्र वाचू लागली. मला हुरूप आला. पुढील वर्षी मी वसतिगृहातील सर्व १४० मुलांना सभागृहात बसवले आणि ध्वनिक्षेपक लावून तोच वर्ग सुरू केला.

वार्षिक परीक्षेच्या सुमारास मागच्या रांगेतील एका मुलाची वही हाती आली. त्याने वर्षभर रोज वर्गात हजेरी लावली होती आणि स्वतःचे आडनाव तो इंग्रजीत चुकीचे लिहीत होता. ते एकदाही माझ्या दृष्टीस पडले नव्हते. माझा आवाज 'ॲम्प्लिफाय' झाला होता. शिकवणे 'स्केल अप' झाले नव्हते. बारा मुलांच्या वर्गात प्रत्येक मूल रोज वाचत होते आणि ते ऐकणारा कोणी होता. १४० च्या वर्गात सर्व ऐकत होते आणि वाचत कोणीच नव्हते. माझ्याजवळ पुरावा होता, गुणोत्तर मी हरवले होते.

त्यानंतरच्या वर्षी ध्वनिक्षेपक काढला. नववी आणि दहावीतील १४ मुलांना मी आठवड्यातून दोनदा वेगळे बसवून ऐकण्याची आणि चूक सुधारण्याची रीत शिकवली, आणि प्रत्येकाकडे नऊ मुले सोपवली. आडनाव चुकवणारा तो मुलगा त्यांतीलच एका गटात होता. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्याने आपले पूर्ण नाव, गाव आणि तालुका इंग्रजीत बिनचूक लिहून मला आणून दाखवला. शिकवणाऱ्या मुलांचे इंग्रजीही सुधारले, हा अनपेक्षित लाभ.

आपल्यापुढील प्रश्न

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दरवेळी एक सूचना येते : विद्यार्थिसंख्या दुप्पट करावी, त्यासाठी आम्ही खोल्या बांधून देतो. या सूचनेमागील कृतज्ञता मी जाणतो. प्रवेशाच्या दिवसांत जागा नाही म्हणून ज्या पालकांना परत जावे लागते, त्यांचे चेहरेही मी पाहिले आहेत. म्हणून वाढ नकोच, असे माझे मत नाही. खोली बांधणे हे 'एन्लार्ज' आहे आणि तेही आवश्यक आहे. परंतु त्यासोबत स्नानगृहे किती, वाचनालयात बसण्याच्या जागा किती, अधीक्षक किती, आणि मध्यरात्री ताप आलेल्या मुलाच्या उशाशी बसणारे माणूस कोण, हे प्रश्न विचारले पाहिजेत. एका मुलाची वही वर्षातून किती वेळा शिक्षकाच्या हाती जाते, हे आपले गुणोत्तर ठरवावे. ते टिकवून पन्नास मुले वाढवता आली तर पन्नास, वीस वाढवता आली तर वीस.

ज्यांना खोली बांधून देणे शक्य नाही, त्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा आणि नऊ मुलांचे वाचन ऐकावे. त्या एका रविवाराने आपल्या शिडीला एक पायरी मिळेल.

स्वाध्याय

१. पुढील प्रसंगांसाठी 'एन्लार्ज', 'ॲम्प्लिफाय', 'एस्कलेट', 'इन्फ्लेट' आणि 'स्केल अप' यांतून योग्य क्रियापद निवडा : (अ) सभेतील भाषण मागच्या रांगेपर्यंत पोहोचले. (आ) पाण्याच्या पाळीवरून झालेली बाचाबाची पोलीस ठाण्यात गेली. (इ) एका गावात यशस्वी झालेला बचतगटाचा उपक्रम, प्रत्येक गावी प्रशिक्षित महिला नेमून, तालुकाभर सुरू झाला. (ई) ओळखपत्राचे छायाचित्र भिंतीवर लावण्याएवढे करून घेतले. (उ) खर्चाचा आकडा फुगवून सांगितला.

२. 'स्केल अप' वापरून दोन इंग्रजी वाक्ये लिहा. त्यांपैकी एकात कर्माच्या जागी सर्वनाम असावे.

३. आपल्या गावात मोठ्या प्रमाणावर सुरू झालेला एखादा उपक्रम निवडा. तो सुरू करण्यापूर्वी त्याचा पुरावा कोठे मिळाला होता आणि वाढवताना कोणते गुणोत्तर राखले गेले किंवा सुटले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत मराठीत लिहा.